तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांबरोबर वाजवायला कधी बसू?

अंबाजोगाईत माझ्याकडं गिटार शिकायला येणारे पाच-सहा महिने झाले की हमखास विचारतात, "सर, सी, जी, डी, ए, ई हे कॉर्ड येतायत आता. चार लोकांत कधी बसू? अन् स्टेजवर कधी?" परवा एकीच्या वडिलांनीही फोनवर हेच विचारलं. स्टेजचं नंतर बघू. चार लोकांत मात्र आत्ताच बसा, आणि त्यासाठी भजनाला जा.

आपल्याकडं बँड शोधत बसलात तर वर्ष जाईल. भजनी मंडळ मात्र गल्लीगल्लीत आहे. पेटी, पखवाज, दहा-पंधरा टाळकरी, आणि चुकलं तरी उठवून न लावणारी माणसं. नवख्या गिटारवाल्याला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो एकादशीचा दिवस होता. घरून मोबाईलच्या ट्यूनरवर सहाही तारा नीट लावून नेल्या होत्या. पहिल्याच अभंगाला माझं वाजवणं पेटीच्या शेजारी खटकायला लागलं. तारा उतरल्या असतील म्हणून मी पुन्हा ट्यूनर लावला, तर सगळं बरोबर दाखवत होता. अभंग संपल्यावर पेटीवाले काका म्हणाले, "पेटी जुनी हाय बाळा. तिचे सूर आता इथं बसून हलत नाहीत. तुझ्या तारा हलतात, तू तिच्याकडं ये."

त्या एका वाक्यानं माझं वाजवणं बदललं. ट्यूनर मधल्या सप्तकातला ए ४४० हर्ट्झला धरतो, पण वापरून वापरून पेटीच्या आतल्या, सूर देणाऱ्या धातूच्या पत्त्या थोड्या चढतात नाहीतर उतरतात. म्हणून पेटीवाल्यांकडं पांढरी सहा, म्हणजे पेटीवरचा ए, मागा आणि गिटारची पाचवी तार तिच्याशी मिळवा. बाकीच्या तारा त्या पाचवीवरून लावायच्या: सहावी (सगळ्यात जाड) तार पाचव्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पाचव्या पट्टीला, दाबली की खुल्या पाचवीसारखी वाजली पाहिजे, पाचवी दाबली की चौथीसारखी, चौथी दाबली की तिसरीसारखी. तिसरी तेवढी चौथ्या फ्रेटला दाबून दुसरी मिळवायची, आणि दुसरी पुन्हा पाचव्याला दाबून पहिली. टाळ सुरू व्हायच्या आधी हे उरका, नंतर काही ऐकू येत नाही.

मग बुवा म्हणतील, "काळी एक धरा." म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा सा. इथं पोरं गांगरतात, कारण शिकलेत सी आणि जी. गांगरू नका. पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. आता सीचा हात, म्हणजे सी कॉर्डची बोटं, काळी एक होतो, डीचा काळी दोन, जीचा काळी चार आणि एचा काळी पाच. राहिली काळी तीन. तिला कॅपो दुसऱ्या फ्रेटला आणि हात ईचा. म्हणजे पाचही काळ्या पट्ट्या तुम्हाला आजच येतात, फक्त नावं वेगळी आहेत. हे मला कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

आता जे सांगतो ते पोरांना पटत नाही, पण मी हट्टानं सांगतो: कमी वाजवा. भजनी ठेका आठ मात्रांचा. सुरुवातीला पहिल्या आणि पाचव्या मात्रेला एकेक झंकार, बस्स. गजर चढून लय दुप्पट झाली तरी हात तेवढाच ठेवा. आणि चाल ओळखीची नसेल तर पूर्ण कॉर्ड नको. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार (ग) असतो. बुवा कोमल गंधार, म्हणजे त्याहून उतरलेला ग, लावत असतील तर तुम्ही त्यांच्या गळ्याशी भांडता. त्यापेक्षा नुसता सा आणि प वाजवा. काळी दोनला चौथी तार खुली, तिसरी कॅपोपासून दुसऱ्या फ्रेटला दाबलेली, झाला सा-प. तंबोऱ्यासारखा आधार मिळतो आणि बुवांना मोकळं गाता येतं.

चुकलात तर थांबू नका. घरी एकट्यानं वाजवताना आपण चुकलं की मागं जाऊन ओळ सुधारतो, आणि तीच सवय चार लोकांत नडते. पखवाज तुमच्यासाठी मागं येत नाही. हात उचला, ऐका, पुढच्या समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला, परत या.

स्टेजबद्दल थोडक्यात. मागच्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, माझी एक विद्यार्थिनी शाळेच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजवायला बसली. पहिल्याच ओळीत घाईघाईनं तिची लय पळाली. दोन ओळी तिनं हात तारांवर नुसता ठेवला, तबल्याच्या डग्ग्याकडं पाहत राहिली आणि समेला परत आली. खाली बसलेल्या आईलाही कळलं नाही. मला कळलं, आणि माझे डोळे भरून आले, कारण ही पोरगी सात-आठ महिने दर एकादशीला भजनात बसली होती.

बाकी तयारी मग सोपी आहे. तबल्याचा हात दिसेल अशी जागा घ्या. माईक गिटारच्या भोकासमोर धरू नका, आवाज घुमतो. मान जिथं धडाला मिळते तिथं, वीतभर अंतरावर ठेवा. एक जादा पहिली तार खिशात असू द्या. आणि उन्हाळ्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका, आपल्या उन्हानं ब्रिजचा डिंक सुटतो.

तर त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं: येत्या एकादशीला पोरीला घेऊन या. भजन नऊला सुरू होतं. तुम्ही साडेआठलाच या, पेटीवाले काका तेव्हा एकटे असतात, पांढरी सहा निवांत देतील.