पुरण, जेसीबी आणि दहेजचं जहाज

परवा गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी साडेनऊला आमचा गॅस गेला. डाळीत गूळ घालून झालेला, पुरणात पळी उभी राहायला अजून बराच वेळ, आणि ज्योत आधी बारीक झाली, मग टिकलीएवढी, मग नाहीच. गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजसाठी खोदणाऱ्या जेसीबीने पाईप तोडली होती. ठेकेदाराचा माणूस "बेन, बे कलाकमां थई जशे" (दोन तासांत होईल) म्हणून जो गेला तो थेट संध्याकाळी पाचला उगवला.

सासूबाई काही बोलल्या नाहीत, माळ्यावरून जुनी कॉइलची शेगडी काढायला लावली. गेल्या दिवाळीत मी ती भंगारात द्यायला निघाले होते, हे त्यांनी सवाष्णींसमोर दोनदा सांगितलं.

वडोदऱ्यात पाईपचा गॅस १९७२ पासून आहे, तोही महापालिकेने सुरू केलेला, त्यामुळे इथल्या जुन्या मराठी घरांना तो नळाच्या पाण्यासारखाच वाटतो. तेव्हा सोपं होतं, अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं होतं, गॅस आपल्याच आजूबाजूच्या विहिरींतला. आता देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो, उणे १६२ डिग्रीला थंड करून पातळ केलेला, म्हणजे सहाशे घरं भरतील एवढा गॅस एका घरात मावतो. भरूचच्या पुढे दहेजला २००४ पासून ही जहाजं लागतात (हो, गावाचं नावच दहेज, माहेरच्यांनी यावर जोक करून झालेत). त्यातला मोठा वाटा कतारचा, वर्षाला ७५ लाख टन, आणि कतारहून निघालेलं प्रत्येक जहाज इराण आणि ओमानमधल्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतं. तिथे काही बिनसलं की झालं. हजीरा, मुंद्रा इथेही जहाजातला गॅस उतरवून घ्यायची टर्मिनलं आहेत, पण धक्के वेगवेगळे असून काय उपयोग, माल एकाच दिशेने येत असला तर? टर्मिनल वाढवलं की बातमी छापून येते, पण गॅस कुठून कुठून घेतोय आणि साठा किती आहे हे कोणी विचारत नाही.

साठ्याचं तर बोलायलाच नको. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू, पाडूरला जमिनीखाली गुहा करून ठेवल्यात, गॅससाठी तसं काहीच नाही. टर्मिनलच्या टाक्यांतला माल थोड्या दिवसांचा, आणि तो पातळ गॅस नुसता ठेवला तरी थोडा थोडा उडत राहतो. युरोपने २०२२ मध्ये, रशियाकडून सप्लाय आटल्यावर, नियमच केला की त्या हिवाळ्याआधी भूमिगत साठे किमान ८० टक्के भरायचे. आपल्याकडे टंचाई आली तर घरगुती पाईप आणि सीएनजीला आधी, बाकीच्यांना नंतर, अशी साधारण पद्धत आहे, म्हणजे माझी शेगडी पेटेल पण मकरपुऱ्यातल्या एखाद्या कारखान्याची भट्टी बंद पडेल, आणि आमच्या घरचा पगार तिकडूनच येतो.

पुरण शेवटी दीड वाजता झालं. खाली थोडं लागलं होतं, कॉइलवर आच कमी करता येत नाही ना. ती शेगडी सासूबाईंनी पुसून, वायर गुंडाळून, यावेळी माळ्यावर नाही, ओट्याखालीच ठेवलीय.