सुपरकॅपवर चालणारा लोरा नोड: ऊर्जा मुरते कुठे?

मातीतला ओलावा मोजून तो दर पंधरा मिनिटांनी लोराने (कमी ऊर्जेत छोटे संदेश लांबवर नेणारं रेडिओ तंत्र) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर पाठवणारा सौर नोड, म्हणजे छोटं सेन्सर-यंत्र, घेऊ. बॅटरी नाही, २.७ व्होल्ट, १० फॅरडचे दोन सुपरकॅप (मोठ्या धारितेचे कॅपॅसिटर) सिरीजमध्ये आणि पॅनेलच्या मागे बीक्यू२५५७० ही चिप, जी पॅनेलची ऊर्जा साठ्यात भरते आणि व्होल्टेज उतरवून नोडला देते.

आधी खर्च मांडा. एसएफ१० वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तितका पल्ला जास्त, पण संदेश हळू) छोटा संदेश हवेत ०.३७ सेकंद असतो. ३.३ व्होल्टवर ४५ मिलिअँपिअर धरले तर एका संदेशाला ५५ मिलिजूल लागतात, सेन्सर वाचायला आणखी १०. दिवसाचे ९६ संदेश म्हणजे ६.२ जूल. स्लीपमधले ५ मायक्रोअँपिअर दिवसभरात १.४ जूल खातात. रिसीव्ह विंडो (संदेशानंतर उत्तर ऐकायचा वेळ) आणि कन्व्हर्टरची तूट मिळवून ९ ते १० जूल समजा. एसएफ१२ वर हवेतला वेळ चौपट होतो. तिथे तासाला एकच संदेश ठेवा.

आता साठा. सिरीजमध्ये धारिता निम्मी, ५ फॅरड. ५ व्होल्टपर्यंत भरल्यावर ६२.५ जूल दिसतात, पण ३.३ व्होल्ट आउटपुट हवा असेल तर ३.४ च्या खालचं काही कामाचं नाही. हाती उरतात ३३-३४ जूल, म्हणजे कागदावर साडेतीन दिवस. पावसाळ्यातल्या सलग झाकोळात, पॅनेल दहावा हिस्साही देत नाही तेव्हा, हे फारच तोकडं.

आणि हे साडेतीन दिवसही मिळत नाहीत, कारण गळती. १० फॅरडच्या सुपरकॅपची डेटाशीटमधली गळती २० ते ३० मायक्रोअँपिअर असते, तीही ७२ तास पूर्ण व्होल्टेजवर ठेवल्यानंतरची. ५ व्होल्टवर २० मायक्रोअँपिअर म्हणजे दिवसाला ८.६ जूल: जवळपास नोडच्या खर्चाइतकेच! त्यात दोन्ही कॅप समतोल राहावेत म्हणून १०० किलोओहमचे रेझिस्टर लावले की आणखी जवळपास ११ जूल गेले. जुळणारी जोडी घेऊन ४.६ व्होल्टवरच थांबणं बरं. साठा २४ जुलांवर येतो, पण आयुष्य वाढतं. नाण्यासारखे ५.५ व्होल्टचे कॅप टाळाच. त्यांचा अंतर्गत रोध ३० ओहमच्या घरात असतो, ४५ मिलिअँपिअरला १.३५ व्होल्ट पडतात आणि प्रोसेसर रीसेट होतो.

माझं मत लिथियम-आयन कॅपॅसिटरच्या (बॅटरी आणि सुपरकॅप यांच्या मधला प्रकार) बाजूने आहे. १०० फॅरड, आउटपुट २.४ व्होल्ट, ३.८ पासून २.६ पर्यंत वापर: ३८० जुलांहून जास्त, गळती जेमतेम काही मायक्रोअँपिअर. एसएक्स१२६२ या लोरा रेडिओ चिपला १.८ व्होल्टही चालतात. सेन्सरचं तेवढं तपासा. धोका एकच, २.२ व्होल्टच्या खाली गेला की हा कॅपॅसिटर खराब होतो. बीक्यू२५५७० चा स्वतःचा अंडरव्होल्टेज कट १.९५ वर असतो, म्हणजे उशिरा. म्हणून साठा पुरेसा आहे का ते सांगणारी बॅट-ओके पिन आउटपुट चालू-बंद करणाऱ्या आउटपुट-इनेबलला जोडा, २.६ ला बंद, २.९ ला चालू. मधे ८० जूल साठतात. हे अंतर फार कमी ठेवलं तर नोड उठतो, नेटवर्कला जॉइन होण्यात सगळं उडवतो, पुन्हा झोपतो, आणि हे चक्र सुरूच राहतं.

चोर इतरत्रही असतात. व्होल्टेज मोजायला लावलेला १०-१० किलोओहमचा डिव्हायडर ४ व्होल्टवर २०० मायक्रोअँपिअर ओढतो, स्लीपच्या चाळीसपट. मोजत नसताना तो मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) तोडा. सेन्सरचा पुरवठा बंद केल्यावर आय-टू-सी च्या (सेन्सरशी बोलणाऱ्या तारांच्या) पिनाही लो करा, नाहीतर पुल-अप रेझिस्टरमधून तो अर्धवट जिवंत राहतो.

बीक्यू२५५७० चे थ्रेशोल्ड (चालू-बंदच्या व्होल्टेज मर्यादा) ठरवणाऱ्या रेझिस्टरांची बेरीज १३ मेगाओहम असते. एवढ्या रोधाशेजारी सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्सचा थर आणि कोकणातली दमट हवा असली की थ्रेशोल्ड सरकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच कन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून वाचवणारा पातळ थर) मारा.