भावाच्या आजारपणात स्वतःसाठी घेतलेलं समुपदेशन

मानसिक रुग्णाला घेऊन ओपीडीत गेलं की सगळे प्रश्न त्याच्याबद्दलच असतात. झोपतो का, गोळ्या घेतो का, आवाज अजून ऐकू येतात का? सोबत आलेल्याची विचारपूस सहसा होत नाही, आणि बाहेरची रांग बघितली तर त्यात डॉक्टरांना दोष देण्यासारखंही काही नाही. त्यामुळे घरच्या माणसासाठीचं समुपदेशन मागून घ्यावं लागतं. माझ्या भावाचा स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे आवाज ऐकू येणं, भ्रम आणि संशय असलेल्या मानसिक आजाराचा, उपचार सुरू आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात. एवढीच ओळख पुरे, कारण सांगायचं आहे ते या बैठका मिळवायच्या कशा आणि त्यात नेमकं काय होतं हे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञासोबत मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदं असतात. हा चमू ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही येतो. तो दिवस आशाताईला किंवा केसपेपरच्या खिडकीवर विचारून ठेवावा. तिथे म्हणायचं, "पेशंटशिवाय, माझ्या एकट्यासाठी वेळ पाहिजे." आणि केसपेपर स्वतःच्या नावाने काढायचा. याला कारण आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला स्वतःची कागदपत्रं बघण्याचा हक्क दिला आहे. तुमचा राग, तुमची रड त्याच्या फाइलमध्ये गेली आणि त्याने ती वाचली, तर घरी वेगळंच रामायण. गर्दीच्या दिवशी सकाळी कोणाला बोलायला उसंत नसते, म्हणून दुपारची वेळ मागितलेली बरी. तासभर बोलणं व्हावं अशी अपेक्षा असते, सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास मिळतो. पंधरा दिवसांतून एकदा, अशा आठ-दहा बैठका धरून चालावं.

पहिल्या बैठकीत सल्ला मिळत नाही, आणि मिळालाच तर तो घाईचा समजावा. आधी मोजमाप होतं. कुटुंबावरच्या भाराची एक प्रश्नावली आपल्याकडेच, 1981 मध्ये, पै आणि कपूर या संशोधकांनी तयार केली. तिच्यात 24 प्रश्न आणि सहा भाग आहेत: पैसा, रोजचा दिनक्रम, विरंगुळा, घरातले संबंध, बाकीच्यांची शारीरिक तब्येत आणि मानसिक तब्येत. उत्तरं मोघम दिली तर हाती काही लागत नाही. 'खूप खर्च झाला' यापेक्षा 'दर खेपेला दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं' हे उपयोगाचं. दुसरी प्रश्नावली नऊ प्रश्नांची, उदासीनतेसाठी. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यावं लागतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तो खरं सांगावा. त्या उत्तरावर कोणी पोलिसांना बोलावत नाही.

खरं काम सुरू होतं ते घरात बोलल्या जाणाऱ्या वाक्यांवर. 1976 मध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी लंडनमध्ये दाखवून दिलं की टीका, वैर किंवा अति गुंतणं जास्त असलेल्या घरात रुग्ण परतला, तर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त राहतं. त्यातही गोळ्या बंद असतील आणि घरच्यांचा समोरासमोरचा सहवास आठवड्याला 35 तासांच्या वर असेल, तर सगळ्यात जास्त. पुढे चंदीगडला तसाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत टीका बरीच कमी आढळली. हे ऐकून बरं वाटतं खरं, पण 35 तास हा आकडा दोन खोल्यांच्या घराला लावून बघा. पावसाची झड लागली की तेवढे तास तीन-चार दिवसांतच भरतात. म्हणून बैठकीत तासांचाही हिशेब मांडला जातो: रुग्ण ओसरीवर कधी, आपण वावरात कधी, जेवण एकत्र की मागेपुढे. वेगळं जेवलं म्हणजे वाळीत टाकलं असं होत नाही. संध्याकाळचं एक जेवण सोबत आणि बाकी दिवस ज्याचा त्याला मोकळा, हे पुष्कळ घरांना झेपतं.

आता बोलण्याचं. सरावासाठी समुपदेशक रुग्ण होतो, आपण आपणच राहायचं. भाऊ म्हणतो, "गावातले लोकं माह्यावर नजर ठेवून हायेत." तोंडात लगेच दोन उत्तरं येतात. एक, "काही नाही होत, उगाच भेव घेते." दुसरं, वैतागून, "हो, ठेवून हायेत, झोप आता." पहिल्याने वाद वाढतो, आणि वादाने भ्रम जात नाही, उलट पक्का होतो. दुसऱ्याने त्याला साक्षीदार मिळतो. तिसरं उत्तर तोंडात बसेपर्यंत घोकावं लागतं: "तुले भेव वाटून राह्यलं, समजते. मले तसं काही दिसलं नाही. आंगणात बसू का थोडा वेळ तुह्यासंग?" यात तीन भाग आहेत. त्याची भीती मान्य करायची, आपल्याला काय दिसलं ते खोटं न बोलता सांगायचं, आणि लगेच करता येईल असं काहीतरी पुढे ठेवायचं. क्रम बदलला की बिघडतं. 'मले दिसलं नाही' आधी आलं, तर पुढचं तो ऐकतच नाही.

घरातली टीका बहुतेक वेळा भ्रमांवर नसते, ती दिवसभर पडून राहण्यावर असते. "कामाचा न कायचा" हे वाक्य आमच्या भागातल्या किती ओसऱ्यांवर ऐकू येत असेल! उत्साह नसणं, बोलणं आटणं, आंघोळीची टाळाटाळ ही आजाराचीच लक्षणं आहेत, आणि काही गोळ्यांनी सुस्तीही येते. आवाज किंवा संशय गोळ्यांनी पुष्कळदा कमी होतो, हे पडून राहणं मात्र हळू हलतं. बैठकीत त्या वाक्याची मोडतोड करून एकच कृती, एकच वेळ उरवतात: "दहाच्या आत आंघोळ केली तर मले बरं वाटंल." एका आठवड्यात एकच मागणी. आईच्या बाबतीत नेमकं उलट काम करावं लागतं. ती त्याला हाताने भरवते, एकटं बाहेर जाऊ देत नाही. तिच्यासाठी उतरंड लावतात: आधी बैलाला पाणी दाखवणं, रोज त्याच वेळेला, पंधरा मिनिटं. ते जमलं की मग पिठाच्या गिरणीपर्यंत एकटं जाणं.

'आपल्यामुळे तर झालं नाही ना' हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. वाढवण्यातल्या चुकीने स्किझोफ्रेनिया होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, गांजासारख्या नशेने धोका वाढतो. हे एकदा ऐकून पोटात उतरत नाही, दोन-तीन बैठका लागतात.

देवऋषी, दर्गा, अंगात येणं याबद्दल रागावणाऱ्या समुपदेशकाकडे लोक दुसऱ्यांदा जात नाहीत. मला पटलेली पद्धत अशी: नवस फेडायचा तर फेडा, पण गोळी चुकवायची नाही, उपाशी ठेवायचं नाही, मारायचं नाही, साखळी लावायची नाही. साखळीने बांधायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

गोळी भाजीत कालवून देण्याचा विषय बैठकीत स्वतःहून काढावा, सहसा कोणी विचारत नाही. एकदा रुग्णाला कळलं की 'जेवणात काहीतरी टाकतात' हा संशय खरा ठरतो आणि तो घरचं अन्नच सोडतो. गोळ्या नकोच म्हणत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. हात थरथरणं, लाळ गळणं, एका जागी बसवत नसणं या गोळ्यांच्या दुष्परिणामांमुळेही गोळ्या सुटतात. यावर उपाय आहेत, पण त्रास कधीपासून आहे ते तारखेने सांगावं लागतं.

अडचण सोडवायची रीत सगळ्यात कोरडी, आणि मला वाटतं सगळ्यात टिकाऊ. 'रात्रीचं फार जड जातं' असं लिहून चालत नाही. लिहायचं असं: रब्बीत पंपाला रात्रीची लाइन असते त्या आठवड्यात, मी हरभऱ्याला पाणी द्यायला गेल्यावर रात्रीची गोळी कोण देणार? मग सुचतील ते सगळे पर्याय, हसण्यासारखेही. वहिनी देईल, काकाला बोलवायचं, वेळ बदलायची, पाणी द्यायला मजूर लावायचा. त्यातून एक निवडून कोण, कधी ते ठरवायचं आणि पुढच्या बैठकीत तपासायचं. इथे उत्तर साधं निघू शकतं: डॉक्टरांना विचारून गोळी संध्याकाळच्या जेवणानंतर लगेच. पण न विचारता वेळ हलवू नये.

आजार उलटण्याची आधीची चिन्हं प्रत्येकाची वेगळी असतात. मागच्या वेळचं आठवून चार-पाच लिहायची: सलग दोन रात्री झोप नाही, खिडक्या लावून घेणं, स्वतःशी पुटपुटणं, ठरावीक माणसाच्या हातचं न खाणं. यातली दोन चिन्हं दोन दिवस टिकली की दवाखान्यात फोन करायचा, वाट बघायची नाही. कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, भिंतीवर नको, येणारे-जाणारे वाचतात. त्याच बैठकीत फवारणीच्या औषधांचा विषय घ्यावा. रुग्णाला आणि थकलेल्या घरच्यांना, दोघांनाही धोका असतो. डबे घरात ठेवायचे नाहीत, कुलूपबंद पेटी वावरातल्या कोठ्यात, किल्ली दुसऱ्या घरी. अर्धा उरलेला डबा जास्त धोक्याचा, कारण तो विसरलेला असतो.

रुग्ण बरा असताना 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे आजार बळावल्यावर उपचाराच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस, कोण हे त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा घेऊन ठेवावं. कायद्यात तशी सोय आहे, आणि बिघडल्यावर दाखल करायची वेळ आली की हा कागद कामी येतो.

बिघडतं कुठे? पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बैठका बुडतात, म्हणून ते महिने आधीच सांगून फोनवर वेळ ठरवावी. फोनवर बोलताना घरात बसू नये, भिंतींना कान असतात आणि संशयाच्या आजारात तर जास्तच. रेंज येते त्या धुऱ्यावर जावं. रात्री-बेरात्री स्वतःलाच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. समुपदेशक बदलतात, बरीच पदं कंत्राटी असल्याने मधूनच माणूस जातो आणि नवा पहिल्यापासून विचारू लागतो. त्यासाठी एक शंभर पानी वही ठेवावी: पहिल्या पानावर औषधांची नावं आणि मात्रा, दुसऱ्यावर चिन्हं, मग बैठकीची तारीख आणि त्या दिवशी ठरलेलं एक काम. नव्या माणसासमोर वही उघडून ठेवली की अर्धा तास वाचतो, आणि तो अर्धा तास आपल्या बोलण्याला मिळतो.