आडव्या लोंबी

मावशी त्या ओळीला गप्प झाल्या. भोंडल्याचा फेर चालू होता, 'ऐलमा पैलमा' म्हणत होतो, हातात हात होते, फक्त त्यांचे ओठ मिटले. पुढची ओळ आली तशा पुन्हा गायला लागल्या. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं, कारण गाण्यांचे कागद मी टाइप केले होते. रात्री दीडपर्यंत जागून, चाळीस प्रती. कुणी "छान झालंय हं" एवढंही म्हटलं नाही. ह्यांनी तर... जाऊ दे.

खिरापत वाटताना विचारलंच.

"अगं, 'थेंबोथेंबी आडव्या लोंबी' आहे ते. तू लोंबती केलंस."

केलं होतं. पुढच्याच ओळीत 'आडव्या लोंबती अंगणा' आहे, म्हणून आधीची 'लोंबी' ही लिहिणाऱ्याची चूक असणार असं धरलं आणि सुधारून टाकली. थेंबोथेंबीशी जुळणारं यमक मोडलं, तेही दिसलं नाही मला. मावशींनी उजवा हात कोपरातून उभा धरला, मनगट सैल सोडलं, बोटं खाली लोंबली. "ही लोंबी. भाताची." मग डाव्या हातानं तोच हात हळूच आडवा केला. "आणि हा हस्ताचा पाऊस."

त्या मावळातल्या. आम्ही सोलापूरकडचे, ज्वारीतले. आम्हाला कणीस ठाऊक, फार तर गव्हाची ओंबी. सप्टेंबरअखेर हस्त लागतो तेव्हा त्यांच्याकडे भात निसवलेलं असतं, दाण्यात दूध भरत असतं. पाणी हवंच, पण धो धो आलं की उभं भात लोळतं. म्हणून तो थेंबोथेंबी पडायचा. पाटावरच्या हत्तीभोवती तीस वर्षं ही ओळ म्हणतेय मी.

घरी येऊन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला, १८५७ चा. लोंबी आहे त्यात.

शब्द माहीत नव्हता याचं एवढं वाटत नाही. 'चारचोडे', 'भामाळी' यांना मी हात लावला नाही, जसेच्या तसे उतरवले. लोंबी अर्धवट ओळखीची वाटली, म्हणून तीच मोडली. आईला एक फोन करता आला असता. पण आई हल्ली... नको ते.

कागद ग्रुपवरही गेलाय. बहिणीनं नाशिकला पाठवला. पुढच्या वर्षी तिथल्या पोरी 'लोंबती' म्हणतील.

मघापासून 'ऐलमा पैलमा' डोक्यात घोळतंय. ऐल म्हणजे अलीकडचा काठ, पैल म्हणजे पलीकडचा. त्यांना तो 'मा' कुणीतरी गाता गाता जोडला असेल. तिलाही वाटलं असेल, आता बरोबर झालं. हे सुचल्यावर छातीवरचा भार जरा उतरला. गाणं तरीही आलंच की माझ्यापर्यंत.

अठ्ठावीस कागद परत मिळाले. एकेकावर 'ती' खोडून 'ब'ला वेलांटी दिली. बारा बायकांच्या पर्समधून घरी गेले.