जीआयपीचं कुलूप

माळा आवरताना परवा दुपारी एक पितळी कुलूप हाती लागलं. मूठभर आकाराचं, चांगलं जड, किल्लीचा पत्ता नाही. चिंचेने घासल्यावर अंगावरची अक्षरं वर आली: जी.आय.पी.आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे.

आजोबांचं. ते मालगाडीवर गार्ड होते आणि त्यांच्या काळ्या लोखंडी पेटीला हे कुलूप असायचं. मरेपर्यंत ते 'जीआयपीत' होते. ५ नोव्हेंबर १९५१ ला तिची मध्य रेल्वे झाली, हे त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. खरी गंमत पुढेच आहे. सरकारने ही कंपनी १९०० सालीच विकत घेतली होती, पण चालवायला परत कंपनीकडेच दिली. १९२५ मध्ये कारभारही घेतला, नाव मात्र राहू दिलं. म्हणजे आजोबा चाळीस साली चिकटले ते सरळसरळ सरकारी नोकरीत. ऐट सगळी कंपनीची!

ठाणेकराला जीआयपीचं कौतुक असणारच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. पाहुण्याला चहा विचारायच्या आधी आम्ही हे सांगून मोकळे होतो.

मला मात्र नव्या नावाने मार खायला लावलाय. नुकती अक्षरं जुळवायला लागलो होतो. फलाटावर डबा येऊन थांबला, त्यावर 'म.रे.' मी खणखणीत आवाजात वाचलं, "मरे! आई, मरे!" शेजारी कुणी म्हातारे गृहस्थ उभे होते. आईने दंडाला असा चिमटा काढला की बस. अजूनही पेपरात 'मरे विस्कळीत' दिसलं की दंड चोळावासा वाटतो. पश्चिमवाल्यांचं बरं आहे. 'परे' कसं जरा अध्यात्मात गेल्यासारखं वाटतं.

सुट्टीत आजोळी बार्शीला जायचो. कुर्डुवाडीला गाडी बदलायची आणि समोर अडीच फुटी रुळांवर ती बाहुलीएवढी गाडी. बार्शी लाईट. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाच्या कंपनीने १८९७ मध्ये सुरू केलेली. सरकारने तीही १९५४ ला घेतली, पण गावाला कोण सांगणार? तिकडे "लाईट आली का?" असंच विचारायचे. लाईट का म्हणतात, असं मी आजीला विचारलं होतं. "आत दिवा लागत नाही ना, म्हणून," आजी म्हणाली. मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं.

पुढे २००२ मध्ये, दीडशे वर्षांच्या निमित्ताने, रेल्वेने भोलू नावाचा शुभंकर काढला. हिरवा कंदील धरलेला गार्ड, पण हत्ती. आजोबा तेव्हा नव्हते, ते एक बरंच झालं.

तर कुलूप घेऊन स्टेशन रोडच्या चावीवाल्याकडे गेलो. त्याने ते कानाशी धरून हलवलं, नखाने भोकातला मळ काढला.

"चावी बनवून देतो. पण लावणार कशाला, साहेब?"

आजोबा गेले त्याच वर्षी ती पेटी मी भंगारात दिली होती. किलोवर.

"राहू दे," म्हटलं.