पशुपतीच्या वाटेवर अडकलेले १६,८०० रुपये

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं दिल्ली आणि पुढं काठमांडू. आईच्या पिशवीत दशम्या, शेंगाचटणी, बाबांचा एक छोटा फोटो आणि प्लास्टिकच्या कव्हरात मतदार ओळखपत्र. नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्र चालतं. आईचं कार्ड कन्नड आणि इंग्रजीत, त्यातल्या इंग्रजी आडनावात एक अक्षर कमी होतं. तिकिटावर ते अक्षर जुळवून घ्यायला मला दोन दिवस लागले होते.

बाबा आयुष्यभर बेळगावच्या वडगावात मागावर बसले. माग थांबला की पशुपतीला जाऊया, म्हणायचे. ते गेले आणि मागही थांबला. म्हणून पितृपक्षात आईला घेऊन जायचं ठरवलं होतं.

दुपारी टीव्ही लावला तर काठमांडूत संसदेची इमारत पेटलेली. आदल्या दिवशी निदर्शनांत पोरं गोळीबारात मेली होती, त्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला, संचारबंदी लागली, विमानतळ बंद झाला. संध्याकाळपर्यंत आमचं विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. विमानाचे पैसे काही दिवसांत परत आले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हॉटेलचं तसं झालं नाही. चार रात्री, तिघांची एक खोली, रात्रीला ४,२०० म्हणजे एकूण १६,८०० रुपये, बुकिंगच्या साइटवर आधीच भरलेले. त्याच रात्री हॉटेलातल्या रिसेप्शनच्या मुलाचा व्हॉट्सअॅपवर फोन आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "दिदी, मत आइए. तारीख बदल देंगे, पैसा कहीं नहीं जाएगा." मागं कसला तरी आवाज येत होता, तो मधेच बोलायचा थांबायचा. त्याचं स्वतःचं गाव पेटलेलं आणि तो एकेका पाहुण्याला फोन करत बसलेला. मी म्हटलं, हो हो, पुढं ढकला, आधी तुम्ही सांभाळून राहा. १ डिसेंबर तारीख ठरली. दोन दिवसांनी साइटकडून नवीन कन्फर्मेशन आलं. मी तारीख बघितली आणि ठेवून दिलं.

नोव्हेंबरात आई न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही.

१८ नोव्हेंबरला मी रिफंड मागितला. साइटचं उत्तर अर्ध्या तासात आलं: तुम्ही तारीख बदलून घेतली आहे, बदललेलं बुकिंग परत होत नाही. तेव्हा मी दोन्ही कन्फर्मेशन शेजारी शेजारी उघडली. जुन्यावर लिहिलेलं, तीन दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत. नव्यावर, खाली फिकट अक्षरात, नॉन-रिफंडेबल. तारीख बदलताना अटही बदलली आणि ते मला कुणीही सांगितलं नव्हतं. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. रेशन कार्ड, उतारे, शिष्यवृत्ती, कन्नडमधले फॉर्म मराठी माणसांना वाचून दाखवायचे आणि 'इथं सही करायच्या आधी हे ऐका' म्हणायचं, हेच दिवसभर चालतं. म्हणून ती ओळ मला फार लागली.

पुढचे काही दिवस साइट म्हणायची हॉटेलची मंजुरी आणा, हॉटेल म्हणायचं पैसे साइटकडं आहेत. बँकेत गेले तर, बुकिंग अजून चालू दिसतंय, वाद कशाचा घालणार, असं उत्तर मिळालं. १ डिसेंबरच्या आधी कागदावर काहीतरी आलं पाहिजे, हे मला कळत होतं. तारीख उलटली की 'पाहुणे आलेच नाहीत' अशी नोंद होते आणि मग भांडायलाही जागा उरत नाही.

म्हणून मी फोन बंद केला आणि लिहायला घेतलं. भारतात ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. कंपनी परदेशातली असली तरी भारतातल्या गिऱ्हाइकांना नियमित सेवा विकत असेल तर तिलाही ते लागू. मी त्या अधिकाऱ्याला लिहिलं, दोन्ही कन्फर्मेशन जोडली आणि एकच प्रश्न विचारला: ही नवी अट मी कुठं मान्य केली, ते दाखवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. आणि शेवटी लिहिलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणं मी राहते तिथल्या, म्हणजे बेळगावच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावू शकते, आणि पाच लाखांपर्यंत त्याला फी लागत नाही. त्यात दम देण्याचा हेतू नव्हता. मी खरोखरच जाणार होते.

हॉटेलच्या मुलाला मात्र वेगळं लिहिलं. आईच्या खुब्याचा एक्सरे पाठवला. त्यानं मॅनेजरला दाखवला. मॅनेजर म्हणाले, सप्टेंबरपासून खोल्या रिकाम्या आहेत, तरी बघतो.

हे आईला सांगितलं तर ती अंथरुणातनं म्हणाली, "एका रातीचे ठेवू दे की त्यांना. त्यांचंबी पोट हाय." मी वाद घातला. चूक आपली नाही, मग का सोडायचे? आई म्हणाली, "चूक त्या पोराची तरी कुठं हाय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. एका रात्रीचे सोडून तीन रात्रींचे मागायचे ठरलं आणि २८ नोव्हेंबरला हॉटेलनं लेखी मंजुरी दिली.

तरी पैसे येईनात. साइटनं कळवलं, मंजुरीची रक्कम तुम्ही भरलेल्या रकमेपेक्षा जास्त आहे. हॉटेलच्या पत्रात २०,१६० रुपये लिहिलेले. मीही गोंधळले. मग डोक्यात प्रकाश पडला, ते नेपाळी रुपये. १९९३ पासून आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला आहे. १२,६०० गुणिले १.६, बरोबर २०,१६०. दोन्हीकडं रुपयेच, त्यामुळं साइटवरच्या कुणाला संशयही आला नाही. कागदावर हा गुणाकार लिहून, फोटो काढून पाठवला. एवढ्यासाठी तीन आठवडे गेले.

९ जानेवारीला १२,६०० रुपये खात्यात जमा झाले. अधिकाऱ्याच्या उत्तरात त्या बदललेल्या अटीबद्दल एक शब्द नाही. 'सदिच्छा म्हणून' पैसे देत आहोत, असं लिहिलंय. ते मला अजून पटलेलं नाही. ती अट ज्यांनी गुपचूप घातली त्यांनी तसं कबूल करायला हवं होतं, म्हणून मी पुन्हा लिहिलंय.

त्या मुलाला पैसे मिळाल्याचं कळवलं. त्याचं उत्तर आलं: "आमालाई कस्तो छ?" मी आईला वाचून दाखवलं आणि अर्थ सांगायला लागले, तर ती म्हणाली, "कळलं की. आईला कसं हाय, विचारतोय." मग वॉकर धरून दारापर्यंत चालत गेली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, फोटो काढ आणि धाड त्याला.