क्रेडिट रिस्क फंडाचे जुने रिटर्न तपासले, त्याचा माझा अनुभव

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून 58 व्या वर्षी रिटायर झाली आणि जीपीएफ, ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग) असं सगळं मिळून बरी रक्कम खात्यावर आली. सोलापुरात अशी बातमी लपत नाही, लगेच फोन सुरू झाले. त्यात नवी पेठेतल्या ओळखीच्या एका डिस्ट्रिब्युटरने क्रेडिट रिस्क फंडाचा कागद दिला, वर मोठ्या अक्षरात एक वर्षाचा रिटर्न, एफडीच्या जवळजवळ दुप्पट. आत्या म्हणली, "बाँडच हाय की, शेअर न्हाई, मग भ्यायचं कशाला? तू बघून सांग." मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, आकड्यांशी रोजचाच संबंध, म्हणून मी रोज रात्री जेवण झालं की बसायला लागलो आणि त्यातून जे कळलं ते इथं लिहितोय, कारण अजून खूप जणांचे आईवडील या वर्षी रिटायर होणार आहेत.

आधी हा फंड काय असतो ते. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये म्युच्युअल फंडांचे प्रकार ठरवून दिले, त्यात क्रेडिट रिस्क फंडाला निदान 65 टक्के पैसे डबल ए आणि त्याखालच्या रेटिंगच्या (कंपनी पैसे परत देईल का याचे गुण) कंपनी बाँडमध्ये, म्हणजे कंपनीला दिलेल्या कर्जात, ठेवावे लागतात, डबल ए प्लस त्यात धरत नाहीत. म्हणजे जास्त व्याज मिळतं ते कंपनी पैसे बुडवू शकते या धोक्याचं. अमेरिकेत याच कुळातल्या बाँडला हाय यील्ड म्हणतात.

आता रिटर्न. त्या कागदावरचा एक वर्षाचा आकडा खोटा नव्हता पण तो कसा आला ते बघायला पाहिजे. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही फायनान्स कंपनी बुडाली, 2019 मध्ये डीएचएफएल या घरकर्ज कंपनीने पैसे थकवले, मार्च 2020 मध्ये येस बँकेचे 8,415 कोटींचे एटी-वन बाँड (बँक अडचणीत आली की शून्य करता येतात असे) थेट शून्य केले. असा बाँड बुडाला की फंड त्याची किंमत कमी करतो, कधी पूर्ण शून्य करतो, एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) एका दिवसात पडते. नंतर काही वर्षांनी कोर्टातून, दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून थोडे पैसे परत आले की तीच एनएव्ही एका दिवसात उडी मारते, आणि त्या उडीनंतर काढलेला एक वर्षाचा रिटर्न एकदम भारी दिसतो. तो फायदा जो पडल्यावरही टिकून राहिला त्याचा, नवीन माणसाला त्यातलं काही मिळत नाही. (काही फंडांनी बुडालेला बाँड वेगळ्या युनिटमध्ये बाजूला काढला, सेबीने डिसेंबर 2018 पासून ती सोय दिलीय, तिथे नंतर आलेले पैसे फक्त जुन्या गुंतवणूकदारांना जातात.)

म्हणून मी एक वर्ष, तीन वर्ष हे आकडे बाजूला ठेवले आणि ॲम्फीच्या (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) साइटवरून जुन्या एनएव्ही काढून एक्सेलमध्ये रोलिंग रिटर्न लावले. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे टाकले असते तर पुढच्या पाच वर्षांत वर्षाला किती टक्के पडले असते, असं ओळीने. खरं चित्र इथं दिसलं. ज्या पाच वर्षांच्या पोटात 2018 ते 2020 येतं तिथे बऱ्याच फंडांचा रिटर्न साध्या एफडीच्याही खाली, आणि 2020 च्या मे-जूनपासून मोजलं की तेच फंड हुशार वाटतात. फंड तोच, पण सुरुवातीची तारीख बदलली की गोष्टच बदलते. अजून एक, 2018 च्या आधी यातले बरेच फंड कॉर्पोरेट डेट ऑपॉर्च्युनिटीज वगैरे नावाने चालायचे आणि नियमही वेगळे होते, त्यामुळे दहा वर्षांच्या रिटर्नमधला सुरुवातीचा काळ आजच्या फंडाचा नाहीच.

आपल्याकडचा इतिहास एवढा छोटा म्हणून अमेरिकेचा बघितला. तिथे व्हॅनगार्ड या फंड कंपनीचा हाय यील्ड फंड 1978 पासून चालू आहे. लांबचा सरासरी रिटर्न बघितला तर वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास, ऐकायला मस्त. पण 1981 मध्ये तिथल्या सरकारी दहा वर्षांच्या बाँडवरच 15 टक्क्यांच्या वर व्याज होतं आणि नंतर चाळीसेक वर्षं व्याजदर उतरत गेले, दर उतरले की जुन्या बाँडची किंमत वाढते, तो वारा पाठीशी होता. 2008 मध्ये हाच फंड साधारण 21 टक्के पडला आणि 2009 मध्ये 39 टक्के वर आला. 2008 मध्ये शेअरही पडले होते, म्हणजे ज्या वर्षी बाँडने आधार द्यायचा त्याच वर्षी हा पण पडला. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं, नावाला बाँड असला तरी संकटात याची चाल शेअरसारखी असते.

मग कागदावरची वायटीएम (फंडातले सगळे बाँड मुदतीपर्यंत ठेवले आणि एकही बुडाला नाही तर वर्षाला मिळणारे टक्के) आणि हातात येणारा पैसा यातला फरक काढला. समजा वायटीएम 8.6 आहे, रेग्युलर प्लॅनचा (डिस्ट्रिब्युटरचं कमिशन धरून असलेला) खर्च दीड टक्का गेला की 7.1, दर काही वर्षांनी एखादी कंपनी बुडणार म्हणून सरासरी वर्षाला पाऊण टक्का धरला तर साडेसहाच्याही खाली. 10 लाखांचे दहा वर्षांत 8.5 टक्क्यांनी 22.6 लाख होतात आणि 6.5 टक्क्यांनी 18.8 लाख, हा जवळजवळ चार लाखांचा फरक आत्याला दाखवल्यावर ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. वर टॅक्स. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडाचा (बाँडमध्ये पैसे लावणारा फंड) फायदा, कितीही वर्षं ठेवा, तुमच्या स्लॅबप्रमाणे धरला जातो, आधीचा इंडेक्सेशनचा (महागाई वजा करून टॅक्स लावायचा) फायदा गेला.

याच्यासमोर सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमला मी बघितलं तेव्हा 8.2 टक्के, सरकारी, दर तिमाहीला खात्यावर. व्याजावर टॅक्स तिथेही आहे पण बुडायची भीती नाही. लिमिट 30 लाख. आत्याचं वय 60 नाही, पण रिटायर झालेल्यांना 55 नंतर उघडता येतं, फक्त रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, तेव्हढ्याच रकमेपर्यंत आणि पैसे मिळाल्याचा पुरावा जोडून. आधी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर 2023 मध्ये वाढवली. ज्यांच्या घरी कुणी आत्ता रिटायर होतंय त्यांनी ही तारीख आधी बघा, फंडाचं नंतर बघता येतं.

शेवटी असं केलं. मोठी रक्कम सीनियर सिटिझनमध्ये, वर्षभराचा खर्च एफडीत, आणि उरलेल्यातला छोटा भाग, पाच-सात वर्षं लागणार नाही असा, क्रेडिट रिस्क फंडात, डायरेक्ट प्लॅन (मध्ये कमिशन नाही), ग्रोथ (फायदा फंडातच राहतो). डिस्ट्रिब्युटर काकांना मी जाऊन स्पष्ट सांगितलं, ते रागावले नाहीत, उलट एक्सेल मागून घेतलं. फंड निवडताना रिटर्न शेवटी बघितला, आधी एका कंपनीत किती टक्के आहेत ते बघितलं, कारण एका नावात आठ टक्के असतील आणि ते बुडालं तर वर्षाचं सगळं व्याज त्यातच जातं.

डेट फंडांना दर पंधरा दिवसांनी पोर्टफोलिओ जाहीर करावा लागतो, तो आला की आत्या आता स्वतः रेटिंगचा कॉलम वाचते. मागच्या वेळी एक कंपनी डबल ए वरून खाली आली तर सकाळी सकाळी तिचा फोन. त्या कंपनीचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता म्हणून ठेवलं, पाचच्या वर असता तर एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचा चार्ज) भरून काढायचं असं आमचं ठरलेलं आहे.